अप्पांची अर्धी प्रदक्षिणा

शिवप्पा माणूस म्हणून वाईट नाहीत, असं उदगीरमध्ये बरेच जण म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्यापैकी कुणालाच अप्पांबरोबर डोंगरावर सायकल चालवावी लागलेली नाही.

अप्पांचं उदगीरला हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पत्रे, रंग, पाइप, सगळं मिळतं. दुकान वडिलांनी उभं केलं. अप्पांनी त्यात भर घातली ती पाट्यांची. ‘चपला रांगेत काढाव्यात’, ‘मालाला हात लावू नये’, ‘घाई असल्यास दुसरीकडे जावे’. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत आपलं काय चुकलं ते त्याला कळलं पाहिजे, अशी सोय. लग्नाच्या पंगतीत बसले की अप्पा आधी वाढपी कोणत्या बाजूनं निघाला ते बघतात. उलट्या बाजूनं वरण आलं तर भात कोरडा खातील, पण वाटी पुढं करणार नाहीत.

पन्नाशीनंतर त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पायी चालणं अप्पांना कमीपणाचं वाटलं असावं, कारण त्यांनी हैदराबादहून जाड टायरांची डोंगरी सायकल मागवली आणि महिनाभर दुकानाच्या गल्ल्यावर बसून परदेशी लोक डोंगरात सायकल कशी चालवतात ते मोबाइलवर बघितलं. सायकल नीट चालवता येण्याआधीच ते सायकल शिकवायला लागले. आमचं मंडळ असं जन्माला आलं. अध्यक्ष कोण, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

जळकोटच्या अलीकडे रस्त्याला लागून महादेवाचा डोंगर आहे. माथ्यावर देऊळ आणि डोंगराला वेढा घालणारी एक शेळ्यांची पायवाट. पायऱ्यांच्या तळाशी जिथं गुणाबाई बेलफुलं आणि चहा विकतात, तिथून ही वाट निघते. आधी दगडधोंड्यांतून लांबलचक चढ, मग पाठीमागचा सपाट माळ, मग बोरीच्या झुडपांतून वळत जाणारा तीव्र उतार. उताराच्या तळाशी एक ओढा. ओढा ओलांडला की दोन मिनिटांत परत रस्ता आणि गुणाबाईंचा चहा. वाट इतकी अरुंद की समोरून बकरी आली तरी एकाला थांबावं लागतं. म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेनं जायचं, हे ठरवणं भागच होतं.

ते ठरवलं अप्पांनी, आणि मी हे नाकारत नाही की ते बरोबर होतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे दुकानातल्या पत्र्यांवर बाण काढायचं काम माझ्याकडे आलं. बाणाखालचा मजकूर अप्पांचा. ‘चढणाऱ्यास आधी वाट द्यावी.’ ‘वाट देणाऱ्यास आपल्या मागे किती जण आहेत ते सांगावे.’ आणि उतारावरच्या मोठ्या दगडापाशी, सगळ्यांत ठळक अक्षरांत: ‘उलट दिशेने येणाऱ्याने सायकलवरून उतरून बाजूला उभे राहावे. आज्ञेवरून.’ आज्ञा कुणाची, ते कळावं म्हणून खाली त्यांचं नाव.

नियम मोडणाऱ्याला अप्पा सोडत नसत. मंडळातल्या एका डॉक्टरला त्यांनी सायकल हातात धरून सुरुवातीपर्यंत परत चालत पाठवलं होतं. शेळ्या चारणाऱ्या ग्यानोबाला ते शेळ्याही बाणाच्या दिशेनं ने म्हणाले. ग्यानोबानं शेळ्यांकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं आणि तो बिडी शोधायला लागला.

आता गंमत ऐका. हे अप्पा स्वतः दर सोमवारी त्याच वाटेनं उलटे येत.

कारण असं की अप्पांनी या फेरीची प्रदक्षिणा करून टाकली होती. महादेवाच्या देवळात प्रदक्षिणा अर्धी घालतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पिंडीवरचं पाणी गोमुखातून जिथं बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ते पाणी ओलांडायचं नाही आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. मीही तशीच घालतो. पण अप्पांच्या डोक्यानं घेतलं की माथ्यावरचं गोमुखाचं पाणी झिरपत झिरपत खाली याच ओढ्यात येत असणार. म्हणजे हा ओढा ओलांडणं पाप. म्हणून सोमवारी ते ओढ्यापर्यंत येत, पाण्याला हात जोडत, सायकल वळवत आणि तोच उतार चढत पूर्ण डोंगर उलटा फिरत. इतर वारी मात्र ते हाच ओढा पाणी उडवत ओलांडत. मंगळवारी पाप लागत नसावं.

देवळाचे पुजारी वीरण्णा स्वामी. अप्पा त्यांच्या पाया पडतात, म्हणून मी एकदा स्वामींनाच मध्ये घातलं. स्वामींनी अप्पांना समजावलं की गोमुख वर देवळात आहे, त्याचं पाणी तिथंच तुळशीच्या कुंडात मुरतं आणि खालच्या ओढ्यात गावाची म्हसरं बसतात. मी स्वतः रोज ओलांडून येतो, असंही ते म्हणाले. अप्पांनी सगळं मान डोलावून ऐकलं. स्वामींची पाठ वळल्यावर मला म्हणाले की पुजाऱ्यांना शास्त्राचा अभ्यास कमी पडतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मंडळात ऋतुजा होती.

ऋतुजा बारावीतली, जळकोटजवळच्या एका वाडीवरची. वडिलांची शेती. रोज शाळेला सायकलनं येऊन जाऊन तिचे पाय असे तयार झाले होते की चढावर आम्ही दम खात उभे असताना ती गाणं म्हणत पुढं जायची. राज्याच्या डोंगरी सायकल संघासाठी पुण्यात चाचणी होती, अठरा वर्षांखालच्या मुलींची. तिचं वय बसत होतं ते त्याच वर्षी, शेवटचं. चढात तिला जोड नव्हती, उतारात ती अजून ब्रेक धरायची. तिला हवा होता तो सराव फक्त या उतारावर मिळण्यासारखा होता, दुसरा असा उतार आमच्या भागात नाही. म्हणून मंडळानं ठरवलं की चाचणी होईपर्यंत रोज सकाळी आठपर्यंत वाटेवर ऋतुजाशिवाय कुणी जायचं नाही. ठराव मांडला अप्पांनीच. पोरगी आपल्या उदगीर-जळकोटचं नाव काढणार, असं भाषणही ठोकलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

श्रावणातला सोमवार होता. अप्पांचा उपास. अप्पा उजाडता उजाडता डोंगरावर हजर. ठराव इतरांसाठी होता, देवासाठी नव्हता.

ऋतुजानं मला नंतर सांगितलं ते असं. ती त्या दिवशी पहिल्यांदाच ब्रेकला हात न लावता उतरत होती. मोठ्या दगडाचं वळण घेतलं तर समोर अप्पा, वाटेच्या मधोमध, सायकलवर बसून चढत असलेले. तिनं ओरडून बाजूला व्हायला सांगितलं. अप्पांनी काय करावं? त्यांनी हात वर केला. थांब, म्हणून. वाट सोडली नाही. अप्पांना उडवायचं की स्वतः दगडावर जायचं, एवढंच तिच्या हातात उरलं, आणि ती दगडावर गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

ती पडली, तिचा हात लोंबायला लागला आणि हे गृहस्थ तिच्यापाशी येऊन म्हणाले, “चढणाऱ्याचा हक्क आधी असतो, बाळा. मी चढून राहिलो होतो.”

हे वाक्य तिनं मला दवाखान्यात जसंच्या तसं ऐकवलं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजूनही जाते.

मोबाइलला तिथं रेंज नसते. मदत आणायला हवी होती. ओढा खाली दिसत होता, ओढ्यापलीकडे रस्ता. अप्पा म्हणाले, तू हलू नको, मी माणसं घेऊन येतो. आणि सायकल घेऊन ते वर निघाले. उतार चढून, माळ पार करून, दगडधोंड्यांतून, अख्खा डोंगर उलटा फिरून. दोन मिनिटांचा रस्ता समोर असताना.

ऋतुजानं जरा वेळ वाट बघितली. मग हात जर्सीत गुंडाळून ती उठली, ओढ्यातून चालत पलीकडे गेली, रस्त्यावर आली. गुणाबाईंनी दुधाचा टेम्पो थांबवून तिला पुढं बसवलं. आठच्या सुमाराला आम्ही चारपाच जण फेरीसाठी पोचलो, तेव्हा अप्पा घामानं निथळत वाटेच्या सुरुवातीच्या तोंडातून बाहेर पडत होते आणि चला, चला, पोरगी पडली, म्हणून ओरडत होते.

गुणाबाईंनी चहाचं भगोनं खाली ठेवलं. “ती कवाच गेली दवाखान्यात,” त्या म्हणाल्या. “तुमी कुठून येऊन राहिलेत?”

अप्पा स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की पोरींना हल्ली थांबायचं म्हणून माहीत नाही, निदान सांगून तरी जायचं. मी तिथून उठलो. तिथं बसलो असतो तर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

चाचणी झाली, ऋतुजाशिवाय. अप्पा तिला बघायला गेले ते केळी घेऊन, आणि तिच्या वडिलांना उतारावर वेग किती असावा ते समजावून आले. मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला तर त्यांनी उतारावर ‘सावकाश उतरावे’ अशी नवी पाटी लावायचं सुचवलं. पत्रा दुकानातून देतो म्हणाले. मी ती पाटी रंगवली नाही. बाकीचे मूग गिळून बसले, कारण अप्पांशी वाकडं घेतलं की दुकानाच्या ओट्यावरून आपली टिंगल सबंध गल्लीला ऐकू येते.

दिवाळीनंतर ऋतुजा परत आली. हाड सांधलं होतं. वय मात्र निघून गेलं होतं, त्याला प्लास्टर नसतं. मी तिला म्हटलं, आपण रविवारी जाऊ, त्या दिवशी अप्पा उलटे येत नाहीत. ती म्हणाली, “न्हाई सर. सोमवारी जाऊ. समदे जाऊ.”

मी सगळ्यांना निरोप दिला आणि नवल म्हणजे सगळे आले. डॉक्टरही आले. वाटेच्या तोंडाशी अप्पांच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. माळावर पोचल्यावर आम्ही एकामागे एक रांग धरली. मी पुढं, ऋतुजा सगळ्यांत शेवटी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मोठ्या दगडाच्या वळणावर अप्पा समोर आले. वाटेच्या मधोमध. हात वर केला. म्हणाले, “चढणाऱ्याला आधी, सर.”

मी ब्रेक दाबून थांबलो. माझ्या मागं सगळी रांग थांबली. मी दगडापाशीच्या पाटीकडे बोट दाखवलं. माझ्याच हातची अक्षरं, त्यांचंच नाव. अप्पांनी पाटी वाचली. त्यांना ती पाठ होती, तरी वाचली. मग मागच्या रांगेकडे बघितलं. डॉक्टरांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

आणि अप्पा उतरले. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला बोरी. सायकल खांद्यावर घेऊन ते बोरीत शिरले. काटे बनियनपर्यंत पोचले असावेत, कारण तोंडातून आवाज आला. मला जराही वाईट वाटलं नाही.

मी निघालो आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे म्हणालो, “मागं लई जण हायत, अप्पा.” माझ्यामागच्यानं तेच सांगितलं. त्याच्यामागच्यानंही. डॉक्टरांनी अगदी सावकाश, आदरानं सांगितलं. अप्पा काट्यांत उभे राहून प्रत्येकाला मान डोलावत होते. रीत तशीच होती. ती त्यांनीच घालून दिली होती.

मी खाली ओढ्यापाशी थांबून वर बघत होतो. सगळ्यांत शेवटी ऋतुजा आली. ब्रेकला हात न लावता उतरणारी ती पोरगी त्या दगडापाशी मात्र थांबली. एक पाय जमिनीला टेकवला. तिचा आवाज खालपर्यंत आला.

“मागं कुणी न्हाई, अप्पा. जावा आता.”

मग तिनं पाय उचलला आणि ती माझ्या शेजारून, ओढ्याच्या पाण्यातून, सरळ पलीकडे गेली.