पिंपात पाळलेला कळप

चिकुनगुनिया आमच्या वाडीत आला त्या पावसाळ्यात मी पंचेचाळिशीची होते आणि माझ्याएवढं शहाणं माणूस शहापूर तालुक्यात दुसरं नाही, अशी माझी खात्री होती. नातवंडं विचारतात, आजी, तू लहानपणी कशी होतीस? मी लहानपणाचं सांगत नाही. पंचेचाळिशीतला येडेपणा जास्त रंगतो.

आधी आमचा बैल बसला. त्याला तिवा झाला होता. हा गुरांचा ताप, डास-चिलटं चावून होतो; जनावर थरथरतं, लंगडतं, चारा सोडतं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांत उठेल. तसा तो उठला. पुढच्याच आठवड्यात मी बसले. अंगात ताप, मनगटं सुजलेली, गुडघे भोपळ्यासारखे. नवऱ्याला म्हटलं, "तीनच दिवस. माझ्यापुढं पेंढा तेवढा टाकू नको."

चौथ्या दिवशी मोठ्या रुबाबात उठायला गेले, ती चुलीपर्यंत रांगतच गेले. नवरा म्हणाला, "त्याचा ताप वेगळा नि तुझा वेगळा. डॉक्टर पण वेगळा बघावा लागंल."

वाडीत घरोघरी तीच तऱ्हा. माणसं भिंती धरून चालत होती. पण मला दुखण्याचं एवढं नव्हतं. माझी लेक मुरबाडकडं, धसईला दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचा रिवाज. मी खोली सारवून ठेवली होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. आणि विहीणबाईंचा फोन आला.

"तुमच्याकडं सगळी वाकून चालतात म्हनं. आमी पोरीला नाय पाठवनार. आमच्या घरात एक डास दाखवा."

मला राग आला, पण बाईचं चुकत नव्हतं. पोटुशी पोर अशा साथीत कोण पाठवील?

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई घरोघर पाणी तपासत आल्या. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची, घासून सुकवायची, असं त्या महिनाभर सांगत होत्या. मी मान डोलवायची आणि दोन हंडे त्यांच्यासमोर पालथे करायची. गोठ्यात बैलामागं मात्र पागोळीच्या पाण्यानं भरलेलं मोठं पिंप गोणपाटाखाली दडवलेलं होतं. ज्या बाईनं सारा उन्हाळा विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरलंय, तिला पाणी ओता म्हणून सांगून बघा. बाहेर धो धो पाऊस पडत होता, तरी माझा हात धजत नव्हता. शिवाय डास गटारात होतात, माझ्या काचेसारख्या पाण्यात कशाला होतील, हे माझं शास्त्र.

"काकी, गोठ्यात काय आहे?"

"बैल."

"आणि बैलामागं?"

"त्याची सावली."

नर्सबाईंनी सावलीवरचं गोणपाट उचललं. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन माझ्या नाकाशी धरलं. आत बारीक अळ्या वळवळत होत्या, डोकं खाली, शेपूट वर.

"हा कळप तुम्ही पाळलाय. आठवडाभरात पंख फुटतील. या डासांना स्वच्छच पाणी लागतं."

माझ्या लेकीची वाट मीच अडवून बसले होते, वर शेजारणींच्या गटारांना शिव्या घालत होते. मनगटांत जोर नव्हता, म्हणून पिंपाला पाठ लावली आणि ढुंगणानं ढकलून आडवं केलं. बैल दचकून बाजूला झाला.

तिथून पुढं दर शनिवारी काठी टेकत मी वाडी पालथी घातली. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. कुणी माळ्यावर घागर ठेवलेली, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याआड डबा. एक म्हातारी म्हणाली, "एवढं राहू दे गो." म्हटलं, "मी पण असंच म्हनायची," आणि ओतलं. बुद्धविहारामागची पाणी साचलेली टायरं बायांनी मिळून हलवली. भादवा सरता सरता वाडीत नवा ताप येईनासा झाला. नर्सबाईंनीच सांगितलं, आता आणा लेकीला.

मी दोन एसट्या बदलून धसई गाठली. पायरी चढताना कंडक्टरनं दंडाला धरून ओढून घेतलं.

"जयभीम, विहीणबाई. पोरीला न्यायला आले."

"बसा तर खरं. चालता येत नाय तुमाला, नि पोरीला सांभाळनार?" असं म्हणून त्यांनी नव्या फ्रिजमधलं गार पाणी दिलं. फ्रिजवर कशिदा काढलेलं कापड होतं.

मी पाणी प्याले. फ्रिजचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हटलं, "याची पाठ बघू का जरा?"

"पाठ कशाला?"

"नवं सामान मागूनच बघावं."

फ्रिजच्या मागं खाली एक ट्रे असतो, गळलेलं पाणी त्यात साचतं. विहीणबाईंना तो ठाऊकच नव्हता. लेकीनं वाटी आणली, मी पाणी घेतलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. कशी धरायची ते मला कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी वाटी दाराच्या उजेडात नेली.

"हे काय वळवळतंय?"

"तुमी म्हनालात ना, एक डास दाखवा. हे वीसेक हायत. पंख तेवढे यायचेत."

लेक पदरात तोंड खुपसून हसत होती. विहीणबाईंनी ट्रे अंगणात ओतला, दोनदा घासला, आणि कुणी न सांगता लेकीची पिशवी स्वतःच भरायला घेतली. वर दोन शेर हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचे तांदूळ घातले. "डिंकाचे लाडू तुमीच करा," म्हणाल्या, "पन गोड जास्त नको."

शहापुरात सरकारी दवाखान्यात नात झाली. घरी आणली तेव्हा माझे गुडघे अजून दुमडत नव्हते. उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. शेजारणी म्हणाल्या, बाळाला न्हाऊ घालायला दुसरी बाई बघ. पण पाटावर बसून पाय लांब सोडले, तर ते अगदी सरळ राहत होते, आणि न्हाणीवाली बाई बसते ती नेमकी तशीच. मी पोरीला नडगीवर पालथी घातली, तेल लावलं, कोमट पाणी ओतलं. ती अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी रडली. त्या दिवसापासून सव्वा महिना दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही.