वाळूवर उलटा चालणारा

अंदमानातल्या एका छोट्या, महागड्या हॉटेलात मी मित्राच्या लग्नासाठी तीन दिवस राहिलो. तिथे रोज सकाळी माझ्याच वयाचा एक माणूस वाळूवरून दाताळं ओढत उलटा चालायचा. स्वतःच्या पावलांचे ठसेही पुसत जायचा.

“असं का?” मी विचारलं.

“पावन्यांना वाटलं पायजे, आपल्याआदी हितं कुणी आलंच न्हाय.”

बोलीवरून मी ओळखलं. मी सोलापूरचा म्हटल्यावर तो हसला. त्याचं घर सांगोल्याजवळ. “मग तुमी आपलंच की!”

निघायच्या दिवशी त्याने समुद्राशेजारी स्वतःचा फोटो काढायला सांगितलं. आईकडे मोबाइल नव्हता, म्हणून तो फोटो छापून मी तिला नेऊन द्यायचा होता. “आय म्हंती, तितं तुजे हाल हुत असतील, परत ये. मी मजेत हाय, हे तिला दिसू द्या.”

मागे पाहुण्यांची आरामखुर्ची होती. “बसा तिच्यावर,” मी म्हणालो. कामगारांना तिथे बसायची बंदी आहे, असं त्याने सांगितल्यावर माझं डोकं तापलं. “बसा हो! कोण काय बोलतंय, बघतो मी.”

“तुमी आज जाल, दादा. बोलनी मी खानार,” तो म्हणाला आणि खुर्चीशेजारी हात जुळवून ताठ उभा राहिला.

सांगोल्याजवळच्या घरी त्याच्या आईने मी नेलेला फोटो डोळ्यांजवळ धरला. समुद्राबद्दल ती काहीच बोलली नाही.

“खुर्ची मोकळी हाय की,” ती म्हणाली. “मग ह्यो हुबा का?”

अन्याय दिसला की त्याविरुद्ध बोलायचंच, असं मी आजवर मानत आलो.

“मीच उभं राहायला सांगितलं, मावशी,” मी म्हणालो.