यात्रेत हरवलेली बायडी

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो. तसं पाहिलं तर तिच्यात ना खून होता, ना दरोडा. होती फक्त वीतभर प्लॅस्टिकची एक बाहुली.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. धाराशिव जिल्ह्यातलं महामार्गालगतचं एक ठाणं माझ्याकडे होतं. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा आजूबाजूच्या ठाण्यांचा बंदोबस्त तिकडे लागतो. यात्रेत माणसं हरवतात आणि बहुतेक संध्याकाळपर्यंत सापडतातही. त्यामुळे मदत केंद्रातल्या आमच्या हवालदाराला 'मुलगी हरवली' हे शब्द नवे नव्हते. समोर येडशीकडची एक धनगर बाई उभी होती. पन्नाशीची असेल, डोक्यावर पदर, कडेवर देवांची दुरडी. मी मागे खुर्चीत चहा पीत होतो.

"मुलीचं नाव?"

"बायडी म्हनतो आमी तिला."

"वय?"

"सव्वीस."

"अंगावर कपडे कुठले?"

"हिरवा झगा. डोक्यावर शिंगाची टोपी. हातात काठी."

हवालदारानं मान वर केली. "उंची किती?"

बाईनं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

"बाई, पोलिसांची चेष्टा करता का?"

"न्हाय ओ सायेब. लेक माझी वारली, वरीस होत आलं. पन ती त्या बाहुलीत हाय."

बाई रडत नव्हती. लेक शेजारी गेलीय, येईल आत्ता, अशा सुरात सांगत होती. मी कप ठेवला आणि तिला आत बोलावून घेतलं.

या बाहुल्यांबद्दल मला तोवर काही माहिती नव्हती. ठाण्यातल्या तरुण शिपायांनी समजावून सांगितलं. खेळ टीव्हीवर चालतो आणि बाहुली आपल्या हातात असते. बाहुलीच्या बुडात नखाएवढी चिप बसवलेली असते. टीव्हीला जोडलेल्या चकतीवर ती उभी केली की पडद्यावर जिवंत होते. तिला काय नाव दिलं, ती काय शिकली, कुठवर गेली, हे सगळं त्या चिपमध्ये साठत जातं. दुसऱ्याच्या घरी नेली तरी ती स्वतःचं नाव घेऊनच उगवते. लोकांना याचं असं वेड लागलं की कंपनीनं संचांवर संच बाजारात आणले. काही बाहुल्या मुद्दाम थोड्याच काढल्या आणि बंद केल्या. मग त्या मिळवायला माणसं बकऱ्याच्या किमतीत एकेक बाहुली घेऊ लागली. हे लोण पुण्या-मुंबईहून धाराशिवच्या मोबाइलच्या दुकानांपर्यंत आलं होतं. जुन्या बाहुलीतलं आधीच्या मालकाचं नाव पुसून ती नवी म्हणून विकणारेही निघाले होते.

बायडी पुण्यात नोकरीला होती. पहिल्या पगारातून तिनं ही बाहुली घेतली आणि तिला स्वतःचंच घरगुती नाव दिलं. सुट्टीला घरी आली की आईला शेजारी बसवून खेळायची. पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोरगी गेली. आईनं बाहुली उचलून देव्हाऱ्यात ठेवली, टाकांच्या शेजारी. घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक या लोकांच्या देव्हाऱ्यात पूजले जातात. दर मंगळवारी पूजा झाली की आई ती बाहुली चकतीवर उभी करायची.

"म्या काय दाबत न्हाय सायेब. नुस्ती बघती. तिनं जिथं सोडलीय तिथंच ती उभी असती." मग तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "कुनी नाव पुसलं तर दुसऱ्यांदा मरंल ओ ती."

त्या दिवशी घरचे देव देवीच्या भेटीला आणले होते. भेट झाली. मग रिवाजाप्रमाणे सगळे जण रानात चुनखडीचे खडे वेचायला वाकले. बाईनं दुरडी खाली ठेवली होती. त्या रानात हजारो माणसं मान खाली घालून असतात, कोण कुणाकडे बघणार? खडे वाहून ती परतली तेव्हा बाहुलीचं लाल फडकं जागेवर होतं. उघडलं तर आत हळद-कुंकू लावलेली सुपारी.

"ही तुम्ही ठेवली?"

"न्हाय. टाक उजळाया सोनाराकडं धाडला की त्याच्या जागी आमी सुपारी मांडतो. देवाची जागा रिकामी ठेवत न्हाईत. पन ही म्या न्हाय ठेवली."

पंचनाम्यात मी ती सुपारी नोंदवून घेतली. चोरीचा गुन्हा दाखल झाला. ठाण्यात दोन दिवस थट्टा चालली. एकानं तर 'भूत फरार' असा शब्द काढला, त्याला मी बंदोबस्ताला पिटाळला. दुकानांवर खबऱ्या लावला. पुण्यात बायडीची एक मैत्रीण तिच्याबरोबर इंटरनेटवर हा खेळ खेळायची. तिचा नंबर बाईकडून घेतला आणि पडद्यावर लक्ष ठेवायला सांगितलं.

काही आठवड्यांनी भर दुपारी तिचा फोन आला. पोरीला धाप लागली होती.

"सर, बायडी आली."

"कुठं?"

"पडद्यावर. नाव आलं तिचं. चालत चालत माझ्यासमोर येऊन थांबली. मी लिहिलं, कोण आहे? नुसती बघत उभी राहिली सर, आणि मग वळून निघून गेली."

नोकरीत मी अनेक घाबरलेल्या माणसांचे फोन घेतले, पण मेलेल्या माणसाची हालचाल कळवणारा तेवढा एकच. सुदैवानं पडद्यावर, नावाच्या खाली, खेळ जिथून चालला होता त्या यंत्राचं नावही उमटलं होतं. धाराशिवातल्या एका दुकानाचं होतं ते.

एका शिपायाला घेऊन साध्या वेशात गेलो. काचेच्या कपाटात बाहुल्यांच्या रांगा होत्या, सगळ्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे. शिंगाच्या टोपीवाली गल्ल्यामागे वेगळी ठेवलेली होती. मी ओळख सांगितली तसा दुकानदार म्हणाला, "अनोळखी माणूस विकून गेला, साहेब." मी ती चकतीवर ठेवायला लावली. मंजूळ घंटा वाजली आणि इंग्रजी अक्षरांत 'बायडी' उमटलं. नाव शाबूत होतं.

आम्ही कुणी काही दाबलं नाही. बाहुली पडद्यावर श्वास घेत उभी होती. थोड्या वेळानं तिनं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. मग काठीला टेकून खाली बसली आणि मान वर करून थेट आमच्याकडे बघू लागली. माझा शिपाई हवा खायला बाहेर गेला. मी शवविच्छेदनाला उभा राहिलेला माणूस, पण त्या नजरेसमोरून मलाही बाजूला सरकावंसं वाटलं. खेळ बनवणाऱ्यांनीच तशी सोय केलेली असते, खेळणारा गप्प बसला की बाहुली वाट बघते, हे मला नंतर कळलं. कळूनही फारसा फरक पडला नाही.

"विकत घेतली म्हणतोस, मग नाव का नाही पुसलं?"

"गिऱ्हाईक ठरलंय. ते न्यायला येईल तेव्हा पुसणार."

मी सुपारी गल्ल्यावर ठेवली. "ज्यानं बाहुली उचलली त्यानं हिला तिच्या जागी बसवलं. चोर वस्तू उचलतो, जागा भरायच्या भानगडीत पडत नाही. हा माणूस वस्तू परत नेऊन ठेवणारा आहे, म्हणजे विकणारा नाही. आता खरं बोल, नाहीतर चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा तुझ्यावर घेतो."

मग दुकानदारानं खरं सांगितलं. घोंगडीवाला एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी येतो, बाहुली याच्या हातून चालवून घेतो, स्वतः नुसता बघत बसतो आणि जाताना सांभाळायला इथेच ठेवून जातो. अधूनमधून दुकानदार स्वतःही चालवून बघायचा. बाहुलीची किंमत म्हाताऱ्याला ठाऊक नाही, म्हणून हरवली असं सांगून ती परस्पर विकायचा याचा बेत होता.

बाजाराच्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाईक होऊन बसलो. म्हातारा आला. पटका, घोंगडी, पायांत जाड वहाणा. पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, "हिला त्या पल्याडच्या डोंगराकडं घ्या. तिकडं अजून गेली न्हाय ती."

तो बायडीचा थोरला चुलता होता. बायडीचा बाप लवकर गेला, तेव्हापासून पोरीला यानंच वाढवलं होतं. खांद्यावर हात ठेवला तरी तो दचकला नाही. फक्त म्हणाला, "एवढा डोंगूर चढू द्या तिला, मंग येतो."

ठाण्यात विचारलं, "बाबा, घरातल्या घरात चोरी का केली?"

"दर मंगळवारी बघायचो म्या दारातनं. ती नुस्ती हुबी. मंग खाली बसायची आन् आमच्याकडं बघायची. दावणीचं जनावर सोडा म्हनून बघतंय, तसं. माझ्यामागं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेली पोर हाय ओ ती. मला बघवंना."

"मग तिच्या आईला का नाही सांगितलं?"

"धाकट्या भावाची बायकू. आमच्यात थोरल्या दिरासंगं बायका समोरासमोर बोलत न्हाईत. काय असंल ते बायडीच्या हाती सांगायचो एकमेकाला. ती गेली, आन् निरोप न्याया कुनी ऱ्हायलं न्हाय."

माल ओळखायला बाईला दुकानात आणलं, म्हाताराही बरोबर होता. तिनं बाहुली चकतीवर ठेवली. घंटा वाजली, नाव आलं. पण पडद्यावरची बाहुली आता वेगळी होती. इतका प्रवास झाल्यावर खेळातच तिचं रूप बदलतं. ती उंच झाली होती, झगा टाचेपर्यंत आला होता, शिंगांना बाक आला होता. लेकीनं जिथं सोडली तिथंच ती बाईला हवी होती, आणि ती जागा कायमची गेली होती. म्हातारा दाराकडे तोंड करून उभा राहिला.

बाई पडद्याजवळ गेली. पदर पुढं ओढला. मागे न वळता, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्याशी थेट बोलली.

"भाऊजी, मोठी झाली की ओ ती."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "लई लांब जाऊन आली."

बाईनं तक्रार पुढे रेटली नाही. रीतसर कोर्टातून बाहुली तिला परत मिळाली. या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. समोरचं माणूस काय हरवलं म्हणतंय, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. यात्रेतल्या मदत केंद्रात 'मुलगी हरवली' म्हणून लिहायला घेतलेला अर्ज आमच्या हवालदारानं तसाच अर्धवट सोडून दिला होता. निवृत्त होण्याआधी मी तो काढला आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: मुलगी मिळून आली, आई व चुलत्याच्या ताब्यात दिली.