फिन्सची नवी पाती

काल दुपारी माझी मुलगी मीरा गॅलरीत बसून पोहताना पायांत चढवायच्या फिन्सना नवी पाती बसवत होती. सिलिंडर न घेता, एकाच श्वासावर ती समुद्रात खोल बुडी मारते. मागच्या खेपेला मी सोबत नव्हते, तेव्हा ती खाली असतानाच एक पातं मोडलं आणि ती एका पायाच्या जोरावर वर आली. हे तिनं मला जेवताना सहज सांगितलं, भाजी वाढून घेत.

"आई, जरा धर ना."

फिनच्या रबरी बुटाला तिनं साबणाचं पाणी लावलं होतं. मी बूट धरला, ती त्याच्या खाचेत लांबलचक पातं रेटू लागली. अर्ध्यावर ते अडलं. मनात आलं, अडूनच राहू दे.

"सैल का सोडलंस गं?"

मी पुन्हा घट्ट धरलं. मुलं खोल जाताना आपल्याला विचारत नाहीत. फार तर धरायला हाक मारतात, आणि तेवढ्यानंही आपण धावतो.

पातं बसलं. तिनं ते वाकवून पाहिलं.

"आता नाही ना मोडणार?"

"ते कसं सांगू, आई?"

ती बुडी घेते तेव्हा होडीत बसून मीही श्वास रोखते. दर वेळी माझाच आधी सुटतो, आणि पाणी तसंच सपाट असतं.