नानांच्या ट्रॅक्टरचा दर

सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं मला कोणी विचारलं तर मी नानांचं नाव घेतो. नात्याने ते माझे कोणी नाहीत. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, एवढंच. शिक्षण चौथीपर्यंत. मला धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता तेव्हा माझ्या वडिलांना कचेरी, खिडकी, शिक्का या सगळ्याची भीती वाटत होती. नाना धुतलेली टोपी घालून माझ्याबरोबर आले, दोन दिवस रांगेत उभे राहिले आणि कोणी विचारलेलं नसताना प्रत्येक खिडकीवर सांगत राहिले, "आमना पोऱ्या हुशार शे." तेव्हा मला लाज वाटली होती. आता त्या लाजेची लाज वाटते.

पदवी मिळाली. आमच्या घरातली ती पहिली. धुळ्यातच एका कार्यालयात रस्त्यांची अंदाजपत्रकं करायचं काम मिळालं. नानांना याचं भारी कौतुक. गावात कोणाच्या अंगणात पाणी साचलं तरी ते मला फोन करत.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला तो मात्र खऱ्या कामाचा होता. गावातून तापीकडे जाणारा आमचा शिवाररस्ता पार मोडला होता. एकदा सरकारी योजनेतून त्यावर मुरूम पडला होता, नंतर कोणी पाहिलं नाही. काळ्या मातीत चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या होत्या की केळीचे ट्रक आत यायला नाही म्हणू लागले. गावाने ठरवलं की आपण आपल्या पैशांनी मुरूम टाकायचा आणि दरवर्षी राखायचा. पुढाकार नानांचा.

"मुरूम कसा टाकानं ते आमले समजस," नाना फोनवर म्हणाले. "तू इतलंच सांग, पैसा कोन दी?"

गावाची जुनी रीत एकरी वर्गणीची. पहिल्या बैठकीला मी गावी गेलो; तिथे तीच निघाली आणि तिथेच अडली. रस्त्याच्या तोंडाशी तीन एकर कापूस करणाऱ्या एक अक्का आहेत, एकट्याच शेती पाहतात. बैठक भरली होती त्या विकास सोसायटीच्या ओट्याखाली उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, मनी बैलगाडी रस्ताले मोडत नही. रस्ता मनी बैलगाडीले मोडस."

सगळे हसले, पण त्यांचं म्हणणं कोणाला खोडता आलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, जो जितक्या फेऱ्या मारेल त्याने तितके द्यावे. त्यावर दूधवाला उठला. तो मोटारसायकलवरून दिवसातून चार वेळा जातो. त्या हिशेबाने निम्मा रस्ता त्याच्याच पैशांनी झाला असता.

मग माझ्याकडे पाहिलं गेलं. कॉलेजात शिकलेली एक गोष्ट मला आठवत होती, ती मी सांगितली. वाहनाचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, कितीतरी पटीने वाढतं. हजार मोटारसायकली गेल्या तरी रस्त्याला कळत नाही, भरलेला एक ट्रक गेला की कळतं. म्हणून दर वजनावर हवा.

"हे शिकाले धुळे गया व्हता?" नाना म्हणाले. "भरेल ट्रॉली गयी की चाकोरी पडस, रिकामी गयी की नही पडस. हाई तर मना बैललेबी माहीत शे."

पण ते खूश होते. गावात वजनकाटा नाही, त्याचीही अडचण त्यांनीच सोडवली. उभ्या ट्रॉलीचं टायर जमिनीवर किती बसलंय ते पाहून ते ओझं सांगतात. त्या दुपारी मला बरोबर घेऊन त्यांनी चार ट्रॉल्या दाखवल्या, प्रत्येकीच्या टायरला हात लावला आणि वजनं सांगितली. आम्ही त्यातली एक चोपड्याला काट्यावर नेली. फरक इतका थोडा होता की मी वहीत लिहिलंसुद्धा नाही.

धुळ्याला परत येऊन मी आठवडाभर तक्ता केला. बैलगाडी आणि सायकल माफ. मोटारसायकलला वर्षाला नाममात्र. रिकामी फेरी माफ, भरलेल्या फेरीला वजनाप्रमाणे दर. पावसाने रस्ता ओला असताना गेलं तर दुप्पट, कारण ओल्यातली एक फेरी कोरड्यातल्या कितीतरी फेऱ्यांइतका रस्ता उखडते. असा स्वच्छ, नीट तक्ता मी नोकरीतही कधी केला नव्हता.

फक्त एका ओळीपाशी माझा हात थांबला. आमच्या शिवारात ट्रक अर्ध्या रस्त्यापर्यंतच जातो. आतल्या बागांतली केळी त्या ट्रकपर्यंत आणायची ती नानांच्या ट्रॅक्टरने. गावातल्या बहुतेकांची केळी तेच भाड्याने वाहतात. माझ्याच सूत्राने पाहिलं तर रस्ता सगळ्यात जास्त मोडणारं वाहन नानांचं होतं, आणि आकडा चांगला मोठा येत होता.

आमच्याकडे रीत अशी की जो मोठा माणूस काम उभं करतो त्याला कोणी वर्गणी सांगत नाही. मंदिराचं काम असो की शाळेची भिंत, यादीत त्याच्या नावापुढे आकडा नसतो. तो स्वतःहून देतो, आणि बहुधा सगळ्यांपेक्षा जास्तच देतो. मी त्या रीतीत वाढलो. ज्या माणसाने मला रांगेत उभं केलं त्याला मी आकडा सांगायचा? मी नानांच्या ओळीत लिहिलं : स्वेच्छेने.

पुढच्या बैठकीत तक्ता भिंतीवर लावला. गावाची केळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचे मुनीम आले होते, चोपड्याहून. वयस्कर, मिश्किल गृहस्थ. ट्रकचा दर त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "लावा ना दर. आम्ही केळीच्या भावात धरू. शेवटी द्यायचा तुम्हीच." मग चष्मा वर करून ते खालपर्यंत वाचत गेले.

"हिशोब एकदम बराबर आहे, साहेब," ते मला म्हणाले. "फक्त एक ट्रॅक्टर हवेत चालतो वाटतं."

मागून कोणीतरी हसलं. दुसरं कोणीतरी म्हणालं, "म्हणूनच पोरगा शिकवला असेल." ते थट्टेत म्हटलेलं होतं, पण लोक नानांकडे पाहू लागले. मी सांगायला गेलो की नाना यादीपेक्षा जास्तच देतील. ते सांगणं आणखी वाईट ठरलं. दूधवाला म्हणाला, मग मीबी स्वेच्छेने देतो. आणखी दोघांनी तेच म्हटलं, आणि बैठक उठली.

नानांच्या शब्दाला या गावात वजन आहे ते एकाच कारणाने. त्यांनी ओझं सांगितलं की व्यापारी आणि शेतकरी दोघंही मानतात, काट्यावर जात नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांना वाटलं की नानांचं माप स्वतःपुरतं वेगळं आहे. आणि ते नानांनी नाही, मी केलं होतं.

घरी जाताना ते माझ्यापुढे चालत होते. दारापाशी थांबून म्हणाले, "तुले मना मान राखना व्हता. आते तो मान मी कोठे ठेवू?" आणि आत गेले.

धुळ्याला आल्यावर मी चार-पाचदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. आईकडून कळलं की ते सोसायटीच्या ओट्यावर जात नाहीत, आणि त्यांनी ओझं सांगितलेलं असतानाही एका बागवाल्याने ट्रॉली काट्यावर नेली. शेवटी मी नवा तक्ता केला आणि त्याबरोबर हे पत्र पोस्टाने पाठवलं.

नाना,

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहितो. अक्षर मोठं काढलं आहे.

चूक माझी आहे आणि ती प्रेमापोटी झाली, म्हणून ती लहान होत नाही. तुम्ही मला रांगेत उभं राहायला शिकवलंत आणि मी तुम्हालाच रांगेतून बाहेर काढलं. तुमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सगळ्यांवर तो अन्याय झाला, आणि तुमच्यावर सगळ्यात जास्त.

सोबतच्या तक्त्यात पहिली ओळ तुमच्या ट्रॅक्टरची आहे. दर सगळ्यांना लावला तोच, आणि फेऱ्या जास्त म्हणून आकडा सगळ्यात मोठा. तुम्ही म्हणाल, मी माझ्या चैनीसाठी चालवत नाही, लोकांची केळी काढतो. ते खरं आहे. मुनीमजी भावात धरू म्हणाले तेही खरं आहे. म्हणून एक बदल केला. ट्रक असो की ट्रॅक्टर, दराचा अर्धा भाग वाहन आणणाऱ्याने द्यायचा आणि अर्धा केळीच्या मालकाने. ट्रकच्या बाबतीत सौदा ठरतानाच, ट्रॅक्टरच्या बाबतीत भाडं ठरतानाच, उघड बोलून घ्यायचं. गुपचूप कोणी कोणाच्या अंगावर ढकलायचं नाही. फेऱ्या सोसायटीच्या फळ्यावर रोज लिहायच्या, सगळ्यांना दिसतील अशा. आणि ट्रॉलीचं ओझं तुम्ही सांगालच, पण तुमच्या स्वतःच्या ट्रॉलीचं ओझं अक्कांनी किंवा दूधवाल्याने सांगावं. त्यांना टायर बघायला शिकवा.

हा तक्ता ओट्यावर तुम्ही वाचून दाखवू नका, मुनीमजींना वाचायला द्या. त्यांनी हसून विचारलं, पण प्रश्न बरोबर होता. मी येत्या शनिवारी शिरपूरवरून येणाऱ्या गाडीने येतो आणि ओट्यावर सगळ्यांसमोर माझी चूक सांगतो.

एकच विनंती आहे. तुमचा आकडा वाचला की मान डोलावून गप्प बसू नका. जास्त वाटला तर माझ्याशी तिथेच भांडा. तुम्ही भांडलात तर बाकीच्यांनाही भांडता येईल, आणि मग जो दर ठरेल तो कोणाच्या मानासाठी ठरलेला नसेल.