दोनशे ग्रॅमचं वजन

ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, एसटीच्या मागच्या सीटवर—एकदा तर स्मशानात, सरण रचलं जात असताना. तिथंही लोक हसले हो! पण खरी? खरी एकदाही नाही. बायकोला नाही, बापाला नाही. बाप तर वारला. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी दिग्रसचा विजू. नकला करणारा माणूस. कंडक्टर, तलाठी, नवरदेवाचा रुसलेला मामा—सांगाल त्याची नक्कल करतो, आणि लोक खुर्च्या ओढून जवळ येतात. त्या खुर्च्यांच्या आवाजासारखं गोड जगात काही नाही. माझा सगळ्यात गाजलेला आयटम ‘सलीमची वायर’. पाच मिनिटांचा. त्यात सलीम वायरमन दातांत पक्कड धरून फुशारक्या मारतो, आणि शेवटी एक घर पेटतं.

शेवट लोकांना फार आवडतो.

तेव्हा आमच्या बापाच्या किराणा दुकानाच्या अर्ध्या भागात मी कम्प्युटर जोडून द्यायचो. इकडं तराजू, तिकडं मदरबोर्ड. कापसाची ती वर्षं तुम्हाला आठवतात का? भाव असे बसले होते की सरकी काढायच्या जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांगच लागेना. ज्यांना थांबणं परवडत होतं त्यांनी कापूस घरातच कोंडला. बैठकीत छतापर्यंत कापूस, कापसावर सतरंजी, सतरंजीवर पाहुणे. पाहुणा खाजवत बसायचा आणि म्हणायचा, ‘चहा नको, निघतो.’

गजभिये सरांच्या बैठकीतही कापूस होता. सर आमच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. पगारदार माणूस, शेत थोडंसं, कर्ज कुणाचं नाही. आणि या पन्नाशीच्या माणसाला एकच वेड—विमान. विमानात ते कधी बसले नव्हते. पण कम्प्युटरवर खरंखुरं विमान उडवायचा खेळ असतो हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, आणि चौकटीची वही घेऊन माझ्या दुकानात आले.

वहीत काय होतं म्हणता? प्रत्येक भागाचं नाव, आणि त्यासमोर तो किती वीज खातो तो आकडा. प्रोसेसर इतका, ग्राफिक्स कार्ड इतकं, पंखे इतके. खाली बेरीज. बेरजेखाली दोन रेघा, आणि उत्तर—साडेचारशे वॅट.

“विजू,” सर म्हणाले, “पैसे माह्याजवळ एवढेच आहेत. बाकी कशातही काटछाट कर. रॅम कमी टाक, कॅबिनेट भंगारातलं लाव. पण पॉवर सप्लाय चांगला पाह्यजे. घरात कापूस आहे, बाबू.”

हे वाक्य मी माझ्या पाच मिनिटांत कधीच घेतलं नाही.

दुकानात गर्दी होती. गर्दी दिसली की माझ्या जिभेला पाय फुटतात. मी सरांची वही डोक्यावर धरली आणि म्हणालो, “सर, याच पैशात तुम्हाले नागपूरच काय, दुबईले उतरवतो! भारीतल्या भारी कार्डावर!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर लाजून हसले. मग मी संध्याकाळी हिशेब मांडला. ते कार्ड घेतलं तर पॉवर सप्लायला उरत होते जेमतेम चार जणांच्या जेवणाचे पैसे. सांगायला काय हरकत होती? ‘सर, हे कार्ड बसत नाही, हलकं घेऊ.’ सर ‘बरं’ म्हणाले असते. पण टाळी परत करता येते का हो?

पॉवर सप्लाय म्हणजे टिनाचा एक डबा. भिंतीतली वीज आत घेतो आणि सगळ्या भागांना वाटून देतो. मी मागवला तो बिननावाचा होता. वरच्या कागदावर मात्र ऐटीत छापलेलं—साडेचारशे वॅट. कागदावर काय, हजारही छापता येतात. आत तांब्याचं वेटोळं बोटभर. पोकळ डबा, उचलला की हातात फुलासारखा.

आणि सरांनी मासिकात वाचलं होतं की चांगला पॉवर सप्लाय जड असतो, तोलून घ्यावा. ते तोलणार होते. गणिताचे मास्तर ते.

दुपारी बाप गल्ल्यावर घोरत होता. मी तराजूकडं पाहिलं. चार स्क्रू काढले, बापाचं दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन उचललं आणि डब्याच्या आत, पत्र्याला, नळाची गळती बंद करायच्या लुकणानं चिकटवून टाकलं. स्क्रू परत लावले. उचलून पाहिलं—वा! खरं सांगू? मला मजा आली. एकटाच हसलो मी. बापानं नंतर आठवडाभर ते वजन शोधलं, आणि मीही त्याच्याबरोबर पोत्यांमागं शोधलं.

सरांनी डबा तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला. “जड आहे,” म्हणाले. खूश झाले.

कम्प्युटरसाठी नवीन पॉइंट काढायला सरांनी सलीमभाईला बोलावलं. माझ्या नकलेतला सलीम आणि हा सलीमभाई—दोघांची कधी भेटही झालेली नाही. हा फुशारकी मारत नसे. हा बोलतच नसे. जोड दिला की दोनदा ओढून बघायचा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालताना असा बसायचा, जणू रोप लावतोय. त्यानं बोर्डापासून चार हात कापूस स्वतःच्या हातानं मागं सारला. मग मला विचारलं, “विजूभाऊ, तुमचा डबा किती खाते?”

“साडेचारशे,” मी म्हणालो.

“मी हजार वॅटची वायर टाकतो. कापूस आहे.”

पुन्हा तेच. कापूस आहे. सगळ्यांना दिसत होतं ते. मला दिसत नव्हतं असं समजू नका.

सर उडायला लागले. शाळेतून आले की नागपूरच्या धावपट्टीवरून विमान सोडायचे आणि अंदाजानं दिग्रसवरून न्यायचे. खाली नुसत्या हिरव्या-तपकिरी चौकटी, पण सर बायकोला हाक मारून दाखवायचे, “ते पाह्य, आपलं वावर.”

होळीच्या सुमारास त्यांनी मला साफसफाईला बोलावलं. डब्याच्या जाळीवर कापसाचे तंतू बसले होते, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. ब्रशनं झाडले. कॅबिनेट आडवं केलं आणि आतून आवाज आला.

टक.

सर म्हणाले, “हे काय वाजलं रे?”

मला माहीत होतं काय वाजलं. लुकण सुटत आलं होतं. आत वजन हललं होतं, कधीही उघड्या तारांवर पडलं असतं. सरांसमोर चार स्क्रू काढायचे, आणि मग काय? आतून आमच्या बापाचं वजन काढून दाखवायचं? मी कॅबिनेट हळूच उभं केलं. पुन्हा आवाज आला नाही. “पंख्याचं पातं आहे सर, बसते हळूहळू,” म्हणालो. वर एक विनोदही केला, ‘विमानाचा नट पडला असंल.’ सर हसले. वहिनींनी चहा दिला, तो मी प्यायलो. बशीत ओतून, फुंकून, पूर्ण.

त्यानंतर दीड महिना होता माझ्याजवळ. रोज सकाळी म्हणायचो, आज जातो, ‘सर, फुकटात नवीन लावून देतो’ म्हणतो. रोज. आणि रोज कुणीतरी दुकानात यायचं, खुर्ची ओढायचं.

एप्रिलचा रविवार. पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन. लोडशेडिंग संपून चार वाजता लाइन आली, सर खुर्चीत बसले. विमान धावपट्टीवर होतं. डब्यातून ‘फट्’ झालं आणि जाळीतून बोटभर ज्योत बाहेर आली. बोटभरच. साध्या घरात पाण्याच्या तांब्यानं विझली असती.

वहिनी बाहेर निघाल्या. सर आतच राहिले. दोन्ही हातांनी कापूस ओढून अंगणात फेकत राहिले, जळता कापूस, गठ्ठ्यामागून गठ्ठा. लोकांनी ओढून काढलं तेव्हा उजवा हात ओळखू येत नव्हता.

कापसाची आग कशी असते, माहीत आहे? ती विझत नाही. वरून पाणी मारा, ढीग काळा, गार, ओला दिसतो, आणि आत ती बसून असते. जिनिंगचे मजूर आले, त्यांना ठाऊक होतं. “तीन दिवस उपसा लागते,” म्हणाले. सकाळी ढीग गप्प असायचा, दुपारी मधूनच धुराची एक बारीक दोरी वर यायची. तीन दिवस मी त्या अंगणात उभा होतो. लोक म्हणाले, विजूचा जीव केवढा सरांवर! मी ढिगाकडं बघत होतो. त्यातून काय निघणार, ते मला एकट्याला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आला. अर्धं दिग्रस जमलं होतं. सर हाताला पट्ट्या बांधून बाजेवर बसले होते. आणि सलीमभाई राखेत उकिडवा बसून हातानं राख चाळत होता. त्याला स्वतःची वायर शोधायची होती. बोर्ड सापडला, मागून जवळपास शाबूत. त्यानं तो पुसून बाजूला ठेवला. मग कम्प्युटरच्या सांगाड्याशी गेला, वाकडा झालेला टिनाचा डबा उचकटला, आणि त्याच्या हातात ते आलं. काळं, गोल. त्यानं सदऱ्यावर घासलं.

“विजूभाऊ,” तो म्हणाला, “हे तुमच्या डब्यात कायचं?”

सगळे माझ्याकडं वळले. तलाठ्यानं विचारलं, “तुम्ही जाणकार आहात. कम्प्युटरनं आग लागते का?”

किती वेळ असेल माझ्याजवळ? एका श्वासाचा. एक वाक्य पुरलं असतं.

मी जमिनीवर पडलेली सलीमभाईची पक्कड उचलली, दातांत धरली, कमरेवर हात ठेवले, मान वाकडी केली आणि सलीमभाईच्या आवाजात म्हणालो, “मेरी वायर? अरे, मेरी वायर तो कयामत तक चलेगी!” मग गाल फुगवले आणि केलं—“भप्प!”

तीन दिवस लोकांनी धूर गिळला होता. ते फुटले. तलाठी हसला. मजूर हसले. बाजेवरचे सरसुद्धा हसले, दुखऱ्या हाताला दुसऱ्या हातानं धरून. वजनाकडं मग कुणी पाहिलंच नाही. “घरातलं असंल काही,” मी म्हणालो, आणि तलाठ्यानं लिहिलं—वायरिंगमधील दोष. खाली जाणकार म्हणून माझी सही आहे. सुरेख सही आहे माझी.

सलीमभाई हसला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडं बघत राहिला, जसा जोड ओढून बघायचा तसा. मग ते वजन पिशवीत टाकलं आणि गेला.

सरांची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. ते डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले. सलीमभाईला दिग्रसमध्ये कुणी बोलावेना. एकीनं तर दारातून सांगितलं, “नको भाई, आमच्या घरात लेकरं आहेत.” वर्षाच्या आत त्यानं बिऱ्हाड पुसदला हलवलं. कुलरच्या जळक्या मोटारींत तार भरून देतो असं कळलं. आणि मी? माझं दुकान वाढलं. नकलेची मागणी तर फारच वाढली. ‘भप्प’ला मी नंतर डोळे फिरवणं जोडलं.

मागच्या वर्षी पुसदला मित्राच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं झाली, माइक हातात आला. “वायर! वायर!” लोक ओरडले. मी केली. झकास झाली.

खाली उतरलो तर एक तिशीची बाई उभी. कॉलेजच्या मास्तरीणबाईंसारखी, साधी.

“काका, मी शाहीन. सलीम वायरमनची मुलगी. आयटीआयत इलेक्ट्रिकल शिकवते.”

मला वाटलं, आता. आता होईल ते. आणि तुम्हाला सांगतो, क्षणभर बरंही वाटलं.

पण तिला भांडायचं नव्हतं. ती मुलांच्या परीक्षेतला प्रश्न विचारावा तसं बोलली. “अब्बांनी त्या आगीतलं एक लोखंडी वजन ठेवलंय. दोनशे ग्रॅमचं. कधीकधी काढून बसतात. बोर्ड शाबूत होता म्हणतात, मग आग तिथून कशी लागंल? आणि वजन त्या डब्यात कुठून आलं? मला पण उत्तर सापडत नाही. तुम्ही तर तिथंच होते न काका. तुम्हाला काही माहीत आहे का?”

मागं खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

“जुनी गोष्ट आहे, बेटा,” मी म्हणालो. “घरातलं असंल.”

तिनं मान हलवली. “अब्बांनी सांगितलंच होतं. म्हणतात, विजूभाऊला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं.”

ती गेली. मंडपातून कुणीतरी ओरडलं, “विजूभाऊ, अजून एक होऊन जाऊ द्या!”

मी गेलो. माइक घेतला. अजून एक सांगितली.