रिकामी चौकट

औरंगपुऱ्यातल्या आमच्या शाळेचे ग्रंथपाल नमस्काराऐवजी "कुठून घेतलं?" असंच विचारत. पोरांनी नेटवरून चित्र उतरवलं, की हे चष्मा कपाळावर चढवून मागं हजर. "ज्याचं आहे त्याला विचारलं का?" त्यांना लांबून पाहिलं की मी रस्ता बदलायचो.

दुष्काळाच्या प्रदर्शनासाठी मी नेटवर भेगाळलेल्या जमिनीचा झकास फोटो शोधला. ग्रंथपालांनी मला त्या फोटोग्राफरला ईमेल करायला लावला. उत्तर आलंच नाही. त्यांनी चौकट रिकामीच टांगली, खाली चिठ्ठी डकवली : "फोटोसाठी परवानगी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही."

मी चिडलोच. उद्घाटनाला कलेक्टर कचेरीतले साहेब येणार होते. त्यांना काय रिकामी चौकट दाखवायची?

तेवढ्यात वैजापूरकडचे एक पालक चिठ्ठी वाचून म्हणाले, "आमच्या टँकरचं बी असंच हाय. अर्ज दिला, उत्तर नाय."

ग्रंथपालांनी पेन काढलं. "हे तुमचं बोलणं चौकटीत लिहू का? तुमच्या नावानिशी?"

"लिवा की. फक्त नाव जरा मोठं लिवा. साहेब येनार हायेत नव्हं?"